ट्रॅकवर इंजिन तापू नये म्हणून काय काय करायचं: मोठा रेडिएटर घ्यायच्या आधी हे वाचा

ट्रॅक डेची, म्हणजे फी भरून रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाची तारीख ठरली रे ठरली की ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, "अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर कुठं मिळंल?" आणि उत्तरं पण ठरलेली. एकजण म्हणतो थर्मोस्टॅटच (कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक, दुसरा म्हणतो बॉनेटच्या मागच्या बाजूला वॉशर टाकून फट ठेव, तिसरा म्हणतो कूलंट (इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव) कशाला, नुसतं पाणी भर. यातल्या निम्म्या उपायांनी गाडी उलट जास्त तापते, आणि रेडिएटरवर घातलेले पैसे बऱ्याचदा वाया जातात कारण हवा त्या रेडिएटरमधून जातच नसते.

कोल्हापूरला गाड्यांचा नाद काय नवीन नाही. कार्टिंगचा ट्रॅक आपल्या इथं आहे, ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही रेसिंगमधली नावं इथलीच. आता टर्बो हॅचबॅक, सेदान, कुणाकडे एखादी जर्मन स्पोर्ट्स कार असे बरेच लोक हौसेनं ट्रॅकवर जायला लागलेत. कुणी कोइमतूरला जातं, कुणी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर, आणि चेन्नईचा ट्रॅक तर तावडे हॉटेलवरून जो एनएच ४८ जातो त्याच रस्त्यावर आहे, फक्त सव्वानऊशे किलोमीटर पुढं इरुंगट्टुकोट्टईला. एवढ्या लांब गाडी न्यायची, फी भरायची आणि तिसऱ्या लॅपला वाफ काढत पिटमध्ये यायचं म्हणजे फार जिवाला लागतं. "जाळ अन् धूर संगटच" हे स्टेटसला ठीक आहे, बॉनेटखाली नको.

म्हणून माझा क्रम असा: आधी मोजायचं, मग जे आहे ते धड करायचं, मग हवेला वाट करून द्यायची, आणि एवढं करून पण भागलं नाही तरच खिशात हात घालायचा.

ट्रॅकवर वेगळं काय होतं

हायवेवर सपाट रस्त्याला १०० च्या स्पीडनं जायला गाडीला जेमतेम १५-२० किलोवॅट लागतात. तीच १५० बीएचपीची गाडी ट्रॅकवर सरळ पट्ट्याला पूर्ण पाय दाबला की ११० किलोवॅट काढते. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते त्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंट, तेल आणि इंजिनच्या अंगावरून बाहेर पडतो. त्यातली फुल पॉवरला ७०-८० किलोवॅट उष्णता एकट्या रेडिएटरनं बाहेर टाकायची, घरातला गिझर २ किलोवॅटचा धरला तर असे ३५-४० गिझर एकदम चालू आणि ते पण लॅपचा निम्म्याहून जास्त वेळ. कंपनीनं कूलिंग सिस्टीम बनवताना घाट, एसी, ट्रॅफिक, सगळं धरलेलं असतं पण वीस मिनिटं सलग असं पिळणं बऱ्याच रोडच्या गाड्यांत धरलेलं नसतं.

त्यात हवामान. रेडिएटर किती उष्णता टाकणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० वर आणि हवा २५ असेल तर फरक ७५ चा, एप्रिल-मेमध्ये हवा ४० झाली की फरक ६० चा. तोच रेडिएटर, तोच फॅन, पण क्षमता सरळ २० टक्के कमी. म्हणून आपल्या इथल्या डिसेंबरच्या सकाळी मस्त चाललेली गाडी मे महिन्यात चेन्नईत हात टेकते आणि लोक पार्टला दोष देत बसतात.

ट्रॅक कसा आहे त्यावर पण आहे. कोइमतूरचा करी ट्रॅक छोटा, जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटरचा, त्यात आरपीएम वर आणि स्पीड मानानं कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा कमी. बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर आहे, मागचा पट्टा एक किलोमीटरहून लांब, तिथं वारा भरपूर मिळतो पण पाय पण तेवढा वेळ दाबलेला असतो. त्यामुळे "अमक्या ट्रॅकवर माझी गाडी तापली नाही" हे दुसऱ्या ट्रॅकसाठी काही कामाचं नाही.

पहिलं काम: खरा आकडा बघायची सोय करा

मीटरमधल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक नव्या गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो, साधारण ८० पासून १०५ पर्यंत मधोमध चिकटून बसतो म्हणजे गिऱ्हाईक उगीच घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करत नाही. तो हलायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या कंप्युटरमधली माहिती वाचायची खाच) लावायचा ब्लूटूथ डोंगल घ्या, ईएलएम ३२७ प्रकारचा, फक्त अगदी फुटपाथवरचा स्वस्तातला नको, तो मधेच डिस्कनेक्ट होतो. मोबाईलवर टॉर्क सारखं एखादं अ‍ॅप टाका आणि कूलंट टेंपरेचर, इनटेक एअर टेंपरेचर, आणि गाडी देत असेल तर ऑइल टेंपरेचर हे तीन लॉगिंगला लावा. चालवताना स्क्रीनकडे बघत बसायचं नाही, अलार्म लावून ठेवायचा आणि लॉग नंतर पिटमध्ये बघायचा.

ट्रॅकला जायच्या आधी एकदा साध्या रस्त्यावर लॉग काढा. आपल्या भागात साखरप्याकडून आंबा घाट चढताना लिमिटमध्ये राहून, ट्रक-बसच्या मागून, एसी चालू ठेवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा. घाटात रेसिंग करायला सांगत नाहीये, कळलं का, तिथं वळणावर समोरून एसटी येते. कमी वेग आणि जास्त लोड यात सिस्टीम कुठं कमी पडते एवढंच बघायचंय.

आता आकड्यांचा नमुना बघायला शिका, निम्मं निदान तिथंच होतं. उभ्या गाडीला किंवा हळू चालताना तापते आणि पळायला लागली की गार होते, तर दोष फॅनकडं आहे, फॅन मोटर, रिले, सेन्सर, नाहीतर पुढच्या एसी कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढं असलेली एसीची जाळी) घाण. उलट हळू चालताना ठीक पण जोरात पळवली की चढते, तर रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा हवा बाजूनं निसटतेय, किंवा खालचा होज पाईप जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीनं चपटा होतोय, किंवा बेल्ट घसरतोय. प्रत्येक लॅपला दोन-तीन डिग्री चढत जाते आणि कुठंच थांबत नाही, तर क्षमताच कमी पडतेय. आणि आकडा वेडावाकडा उड्या मारतोय, मधेच वर मधेच खाली, तर सिस्टीममध्ये हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गॅस येतोय, ही गाडी ट्रॅकवर न्यायची नाही.

दुसरं: कूलंट, झाकण आणि होज

हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणापासून सुरू करू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) निम्मं पाणी असं कूलंट असेल तर उघड्यावर १०५-१०६ ला. गाडीत ते १२० च्या वर जाऊन पण उकळत नाही कारण झाकण सिस्टीममध्ये प्रेशर धरून ठेवतं, दर एक पीएसआयला दीड-पावणेदोन डिग्री उकळण्याचा बिंदू वर सरकतो. झाकणावर ०.९, १.१, १.४ असा बारमधला आकडा छापलेला असतो. आता त्या झाकणाचं रबर कडक झालं असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर तुमचं सगळं कूलंट ११० ला उकळायला तयार. उकळलं की हेडमध्ये वाफेचे बुडबुडे, वाफ उष्णता नेत नाही, तिथला भाग अजून तापतो आणि मग गाडी पाणी फेकते. झाकण काही शंभर रुपयांचं असतं. सहा-सात वर्षं जुनी गाडी असेल तर टेस्ट बिस्ट करत बसू नका, सरळ नवीन घ्या, कंपनीचंच घ्या आणि तोच बार असलेलं घ्या. जास्त बारचं झाकण टाकून हुशारी करायला गेलात तर प्रेशर सगळ्यात कमकुवत जागी बाहेर पडतं, बहुतेक वेळा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यातून.

कूलंट किती घट्ट ठेवायचं यावर लय वाद होतात. नुसतं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता उचलतं हे खरंच आहे, निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा तेवढ्याच वजनाचं पाणी साधारण १५-२० टक्के जास्त उचलतं. ५०:५० हा आकडा मुळात थंड देशांसाठी, गोठू नये म्हणून. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्नच नाही, त्यामुळे कंपनीनं परवानगी दिली असेल तर एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी असं मिश्रण ट्रॅकला बरं पडतं. त्याच्याखाली जाऊ नका, कारण त्या कूलंटमध्ये गंज न लागायचं आणि पंपाच्या सीलला जपायचं औषध असतं, ते पातळ झालं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खायला लागतं. पाणी बोअरचं नको, नळाचं पण नको, बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो तो आणा. आणि रंगावरून कूलंट ओळखायचं सोडून द्या, गुलाबी, हिरवं, निळं हा नुसता रंग आहे, त्याला स्टँडर्ड नाही, मॅन्युअलमध्ये जो कोड लिहिलाय तो कॅनवर आहे का तेवढं बघा. रेडी-टू-यूज कॅनमध्ये परत पाणी घालणारे पण भेटलेत, कॅनवरची ओळ वाचायला काय पैसे पडत नाहीत.

होज पाईप इंजिन गार असताना बोटानं दाबा. मऊ पडलेला, फुगलेला, क्लिपजवळ बारीक चिरा असलेला बदला. क्लिपजवळ पांढरी किंवा रंगीत पावडर जमलेली दिसली तर तिथून कूलंट झिरपून वाळतंय. वर्कशॉपमध्ये प्रेशर टेस्टर असतो, झाकणाच्या जागी लावून हातपंपानं झाकणावरच्या आकड्याएवढं प्रेशर द्यायला सांगा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा खाली येत नाही ना ते स्वतः उभं राहून बघा. चहा प्यायला जाऊ नका.

कूलंट बदललं की हवा काढणं महत्त्वाचं. गाडीचं तोंड रॅम्पवर किंवा चढावर वर करा, हीटर फुल गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, हळूहळू भरा, इंजिन चालू करून फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. केबिनमध्ये हीटरची हवा कधी गरम कधी गार येत असेल तर हवा अजून आत आहे. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी बाटलीतली लेव्हल बघून भर घाला. काही गाड्यांना इलेक्ट्रिक पंप असतो, त्यांना हवा काढायला स्कॅनरमधून कमांड द्यावी लागते, तिथं घरगुती उपाय चालत नाही.

तिसरं: जाळी साफ करा, आणि वरवर नाही

आपल्या जिल्ह्यात हे काम बाकी ठिकाणापेक्षा जास्त गरजेचं आहे. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की मार्च उजाडेपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यातून उडणारं पाचट, गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख, कारखान्याजवळ चिपाडाचा भुसा, हे सगळं तुमच्या ग्रिलमधून आत जातं. मोठं पाचट पुढं अडकतं ते दिसतं, पण बारीक कूस एसी कंडेन्सरच्या फिनमधून पार होऊन कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. वर पावसाळ्यात चिखल, मग उन्हाळ्यात ते वाळून पापडी.

एका मित्राच्या हॅचबॅकचा पुढचा बंपर काढून कंडेन्सर दोन बोटं पुढं सरकवला तर मागं रेडिएटरच्या खालच्या भागावर राखाडी रंगाचा अख्खा नमदा बसलेला, नखानं उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा सुटून आला. समोरून बघितलं तर गाडी चकाचक, दर आठवड्याला वॉशिंगला जाणारी.

तपासायची सोपी पद्धत: अंधार पडल्यावर, इंजिन गार असताना आणि चावी काढलेली असताना, इंजिनच्या बाजूनं रेडिएटरमागं टॉर्च धरा आणि पुढून बघा. जिथून उजेड येत नाही तिथून हवा पण जात नाही.

साफ करताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारायचं, म्हणजे जसं आत आलं तसं बाहेर. बागेच्या पाईपचं प्रेशर बास. वॉशिंग सेंटरची गन जवळून मारली की फिन आडव्या होतात आणि होती ती वाट पण बंद. वाकलेल्या फिन प्लॅस्टिकच्या फिन कोंबनं किंवा हळूच पातळ पट्टीनं सरळ करा. चिकट घाण असेल तर साधं शाम्पूचं पाणी मारून दहा मिनिटं ठेवा, अ‍ॅसिडवालं क्लिनर नको.

ज्यांच्याकडे पोर्शा बॉक्स्टर-केमन सारखी मधे इंजिन असलेली गाडी आहे त्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, आणि ते कोपरे म्हणजे पालापाचोळ्याचं आवडतं ठिकाण. वरून काहीच दिसत नाही, बंपर काढावाच लागतो, वर्षातून एकदा तरी काढा. आणि फोक्सवॅगन-स्कोडाचे १.० आणि १.५ टीएसआय वाले, तुमच्या इंटरकूलरला (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा भाग) पाण्याचं वेगळं सर्किट आहे आणि त्याचा वेगळा छोटा रेडिएटर पुढं असतो, तो पण याच हिशोबात धरा.

चौथं: हवेला दुसरी वाट ठेवू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथं आहे आणि खर्च हजार-दीड हजाराचा. हवा आळशी आहे. बंपरच्या तोंडातून आत आली की रेडिएटरच्या दाट जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या बोटभर फटीतून निसटणं तिला सोपं. अपघात झालेली, बंपर काढून बसवलेली गाडी असेल तर मूळचे फोम आणि प्लॅस्टिकचे डक्ट बऱ्याचदा गायबच असतात, मेकॅनिकनं "याला काय काम नाही" म्हणून ठेवून दिलेले.

बंपरच्या आतून बघत ग्रिलच्या कडेपासून रेडिएटरच्या कडेपर्यंत चारी बाजूंच्या फटी शोधा. छोट्या फटींना बंद पेशींचा फोम म्हणजे दाराखिडकीला लावतात तसला काळा ईपीडीएम पट्टी, मोठ्या फटींना एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम पत्रा कापून वाकवून. पुठ्ठ्याचा साचा आधी करा, बसतोय का बघा, मग पत्रा कापा. शिवाजी उद्यमनगरात असला पत्रा वाकवून द्यायला अर्धा तास लागतो, जिथं ऑइल इंजिनं घडली तिथं हे म्हणजे किरकोळ काम. कडा घासून घ्या नाहीतर होज कापला जाईल. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट पण बाजूनं फोमनं बंद करा. ग्रिलचं तोंड रेडिएटरपेक्षा लहान दिसतं म्हणून घाबरू नका, डक्ट नीट बंद असेल तर जाळीच्या क्षेत्रफळाच्या चौथा ते तिसरा हिस्सा तोंड पुरतं.

पुढून जादाचे फॉग लॅम्प, मोठा लोगो, हॉर्नची जोडी काढा. नंबर प्लेट तोंडाच्या मधोमध येत असेल तर ट्रॅकवर आयोजकांना विचारून तेवढ्यापुरती काढा, घरी येताना परत लावा.

आत आलेली हवा बाहेर पण निघाली पाहिजे. खालचं प्लॅस्टिक कव्हर काढलं की गार होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, बऱ्याच गाड्यांत उलटं होतं, खालून हवा बॉनेटखाली घुसते, तिथं दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणारी हवा अडते. कव्हर तुटलं असेल तर नवीन बसवा. आणि ते बॉनेटच्या मागं वॉशर टाकून फट ठेवायचं फॅड: काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो, म्हणूनच केबिनची हवा कंपनी तिथूनच घेते. तिथं फट ठेवली की पळताना हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येऊ शकते. व्हेंट करायचेच असतील तर बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागं, जिथं बाहेरचा दाब कमी असतो. पण चांगलं बॉनेट कापायच्या आधी वरची बाकी कामं करून लॉग बघा.

तेल

कूलंट बघतो आपण, तेल विसरतो. तेल हळू तापतं आणि हळू गार होतं, म्हणून पहिल्या सेशनला ठीक वाटतं आणि तिसऱ्याला आकडा डोक्यावर. चांगल्या फुल सिंथेटिक तेलाला ११०-१२० काही नाही, १३० पर्यंत थोडा वेळ चालतं, १४० दिसलं की आत या. ग्रेड मॅन्युअलमध्ये जे दिलंय त्यातलंच, दोन पर्याय दिले असतील तर ट्रॅकला त्यातलं जाड. लेव्हल वरच्या खुणेजवळ ठेवा पण खुणेच्या वर नाही. लांब वळणात तेल एका बाजूला जातं, लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो.

ऑइल कूलर बसवणार असाल तर थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटवाला घ्या म्हणजे रोजच्या वापरात तेल थंडगार राहून त्रास देणार नाही, आणि कृपा करून तो रेडिएटरच्या पुढं लटकवू नका, त्यातून गरम झालेली हवा रेडिएटरला देऊन काय मिळवलं? बाजूच्या फेंडरच्या तोंडाशी जागा शोधा. बऱ्याच गाड्यांत तेलाची उष्णता कूलंटमध्येच सोडलेली असते, त्यामुळे वेगळा हवेवरचा ऑइल कूलर लावला की कूलंटचा भार पण उतरतो. मला विचाराल तर मोठ्या रेडिएटरआधी मी हा लावीन.

ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लचवाल्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पण वेळेवर बदली करा, तो तापला की इंजिन ठणठणीत असून गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला पॉवर कमी करते.

टर्बो आणि रीमॅप

रीमॅप म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधली सेटिंग बदलून ४० बीएचपी वाढवले तर उष्णता पण त्या हिशोबात वाढली, रेडिएटर मात्र जुनाच, एवढं लक्षात ठेवा. इनटेक टेंपरेचर ६० च्या वर जायला लागलं की ईसीयू म्हणजे तोच कंप्युटर स्पार्कचं टायमिंग मागं घेतो, पॉवर पडते, आणि टायमिंग मागं गेलं की एक्झॉस्ट अजून तापतो. ट्रॅकच्या दिवशी ९५ ऑक्टेन किंवा वरचं पेट्रोल भरा, नॉकिंगनं (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटणं) पिस्टन आणि हेडवर उष्णता फार वाढते. रोडचा मॅप आणि ट्रॅकचा मॅप असे दोन असतील तर उन्हाळ्यात सौम्य मॅप लावा, लाज वाटायचं काम नाही.

आता रेडिएटर, थर्मोस्टॅट

वरचं सगळं केलं, लॉग काढला, तरी आकडा प्रत्येक लॅपला चढतोच आहे, तर हो, रेडिएटर घ्या. फक्त जाड म्हणजे चांगला असं नाही, जास्त जाड जाळीतून हवा जायला जास्त जोर लागतो, त्यामुळे उंची-रुंदी वाढवता येत असेल तर ती आधी वाढवा. फॅन आणि त्याचा श्राउड (फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच) बसतोय का ते घेण्याआधी मापून बघा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाताच परत इंजिनमध्ये फिरतं. शिवाय रोज सकाळी इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. कमी डिग्रीला उघडणारा थर्मोस्टॅट मिळतो, त्यानं सुरुवात खालून होते इतकंच, पूर्ण उघडल्यावर क्षमता तेवढीच.

ट्रॅकवर चालवायचं कसं

पहिली लॅप गरम व्हायला. तेल ८० च्या वर आल्याशिवाय रेडलाईनकडे जायचं नाही. मग तीन-चार जोरदार लॅप, मग एक गार करायची लॅप: वरचा गिअर, अडीच-तीन हजार आरपीएम, पाय हलका, म्हणजे पंप फिरतोय, वारा लागतोय आणि उष्णता कमी तयार होतेय. कार्टिंगला पोरं रेडिएटरवर टेप लावून-काढून तापमान जमवतात, आपल्याकडे ती सोय नाही, आपला टेप म्हणजे उजवा पाय.

पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून दोन-तीन लॅप काढू नका. तिच्या मागची हवा ढवळलेली, गरम आणि कमी असते. ओव्हरटेक करायचं तर करा, नाहीतर अंतर ठेवा नाहीतर सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढून रेडिएटरला ताजी हवा द्या. आरपीएम रेडलाईनच्या पाचशे-हजार आधी गिअर टाकला तर लॅप टाईममध्ये नवख्याला फारसा फरक पडत नाही, तापमानात पडतो. एसी बंद. सकाळची सेशन्स घ्या, दुपारी १ ते ३ मध्ये झाडाखाली बसून भाकरी खा.

आकडे ढोबळ असे धरा, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते खरं: कूलंट १०५ पर्यंत निवांत, ११० ला लक्ष, ११५ ला लगेच गार करायची लॅप, १२० ला ट्रॅकच्या कडेनं हात दाखवून बाहेर. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, चढत असलेला आकडा अचानक धपकन खाली आला तर खूश होऊ नका, सेन्सरभोवतीचं कूलंटच निघून गेलेलं असू शकतं आणि तो नुसती वाफ मोजतोय. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद.

तापायला लागली आणि पिट लांब आहे, तर हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, खिडक्या खाली. हीटरची कॉइल म्हणजे पण एक छोटा रेडिएटरच. घामानं निघाल पण हेड वाचेल.

पिटमध्ये आल्यावर लगेच चावी काढू नका. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता जागच्या जागी कूलंटला तापवते, टर्बोतलं तेल पण तिथंच करपतं. एक-दोन मिनिटं आयडलला ठेवा, बॉनेट उघडा, शक्य असेल तर पुढं पेडेस्टल फॅन लावा. मात्र वाफ येत असेल, कूलंट सांडत असेल तर उलट, लगेच बंद. हँडब्रेक ओढू नका, डिस्क लालभडक असते, चाकाला लाकडी ठोकळा लावा. आणि झाकण उघडायचं नाही. फडकं टाकून हळूच पण नाही. वरचा होज हातानं दाबून मऊ लागेपर्यंत, निदान पाऊण तास, थांबा. त्या उकळत्या कूलंटनं चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं तर अजिबात नाही, हेडला तडा जातो.

घरी निघायच्या आधी आणि आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनला बाटलीतली लेव्हल बघा, तेलाची डिपस्टिक बघा, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आलाय का बघा. बाहेर कुठं गळती नाही आणि तरी कूलंट कमी झालंय, किंवा सकाळी स्टार्टला गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, तर ब्लॉक टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव असलेली नळी धरतात, जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर त्याचा रंग बदलून पिवळा होतो. दहा मिनिटांचं काम आहे, ते केल्याशिवाय नऊशे किलोमीटर परत निघू नका.

हेड उतरवायची वेळ आलीच तर कोल्हापुरात माणसं आणि मशीन दोन्हीची ददात नाही, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंजिनाचे कास्टिंग रोज निघतात. फक्त हेड दिलं आणि विषय संपला असं करू नका. आधी सरळपट्टी आणि फीलर गेज लावून वाक किती आलाय ते समोर बघा, बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच परवानगी असते. तडा तपासायला प्रेशर टेस्ट फेसिंगच्या (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं) आधी करायला सांगा, नाहीतर फुटक्या हेडला पैसे घालवाल. फेसिंग करताना लागेल तेवढंच काढा म्हणा, झाल्यावर हेडची जाडी मोजून लिहून घ्या, आणि कंपनीनं दिलेल्या मिनिममच्या खाली गेलं असेल तर ते हेड परत बसवू नका, कितीही आरशासारखं दिसू दे.